हळ्ळीखेडला लाट येणार नाही, मिलिंदा

"हळ्ळीखेड बी, दुबलगुंडी आणि पंचक्रोशीतील तमाम नागरिक बंधू-भगिनींना अत्यंत जबाबदारीने आणि जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आपल्या भागाला त्सुनामीचा कोणताही धोका नाही. समुद्र आपल्यापासून फार लांब आहे आणि इकडे येण्याचा त्याचा विचार नाही, असे हैदराबादहून अधिकृतपणे समजले आहे. तरी सर्वांनी माळवदावरून ताबडतोब खाली उतरावे. ढकलाढकली करू नये. वयस्कर मंडळींना आधी उतरू द्यावे. नम्र विनंती!"

मिलिंदा, ही घोषणा माझीच. "जड अंतःकरणाने कामून म्हनलास बे?" म्हणून तू नंतर फोनवर विचारलं होतंस. मी म्हणालो, सवय. मंडप आणि साउंडच्या धंद्यात माणसाला दोनच सूर येतात, एक लग्नाचा आणि एक मयताचा. त्सुनामी न येण्याचा सूर मला कुणी शिकवलाच नव्हता.

त्या दिवसांत आपल्या बिदरच्या शेजारी चिंचोळीकडच्या गावांतून जमिनीतून आवाज येत असल्याच्या बातम्या येत होत्या. एका सकाळी आपल्याकडेही फळीवरची भांडी वाजली. तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर एक क्लिप आली. भूकंपानंतर त्सुनामी येते, असं त्यात एक टायवाला माणूस सांगत होता. झालं! किल्लारीनं आपल्या लोकांना एक धडा शिकवून ठेवला होता, जमीन हलली की घराबाहेर मोकळ्या रानात पळायचं. फोननं दुसरा शिकवला, पाणी येणार असलं की उंचावर चढायचं. आपल्या गावानं दोन्ही धडे एकाच वेळी पाळले. अर्धं गाव बाजा-अंथरुणं घेऊन रानात आणि अर्धं गाव पोराबाळांसकट माळवदावर. आमच्या शेजारच्या घरात तर नवरा रानात होता आणि बायको माळवदावर.

"खाली ये की गं, जमीन हलायलीय!"

"तुमीच वर या, पानी यायलंय! आन् येताना शेळी घिऊन या!"

हैदराबादेत तुझ्या त्सुनामीच्या ऑफिसात फोन लावून हे तुला सांगताना मी हसून हसून खोकलो. तू हसला नाहीस.

"नाग्या, माळवदावर माणसं किती हायत?"

"लई हायत. जत्रा भरलीय."

"आरं, दगडमातीचं माळवद हाय त्ये. हादरा बसला की माणसासगट खाली येतंय. उतरव त्यास्नी. आत्ता उतरव."

इतक्या वर्षांत तू माझ्यावर ओरडलास तो तेवढाच. मी मकबूलच्या रिक्षावर कर्णा बांधला, माणसं उतरवली आणि पुढं कितीतरी दिवस गावात कॉलर ताठ करून फिरलो. पुढं काहीच झालं नाही. काहीच झालं नाही म्हणून लोक माझ्यावर हसायला लागले, तेव्हा मी तुला म्हणालो, "मिल्या, लई वंगाळ धंदा हाय तुझा. काय झालं न्हाई तर लोक हसत्यात, आन् झालं तर हसायला लोकच न्हाईत." तू म्हणालास, "बरोबर वळखलास."

दुसरी घोषणा मात्र मला जमली नाही. ती तुझी होती.

हैदराबादेत तुझ्या ऑफिसच्या जिन्यावर तू दम लागला म्हणून बसलास आणि उठलाच नाहीस. जहीराबादच्या रस्त्यानं तुला आणत होते, तेव्हा गावात कळवायचं काम रिवाजाप्रमाणे माझ्याकडं आलं. आपल्या गावातलं एकही मयत माझ्या आवाजाशिवाय गेलेलं नाही, तुला ठाऊक आहे. मी रिक्षात बसलो, माइक तोंडाशी धरला, "कळवण्यास अत्यंत" म्हणालो आणि माझ्या गळ्यातून लग्नाचा सूर निघाला. वर चढणारा, वरपक्षाकडील मंडळींनी जेवून घ्यावे, असा. हॉटेलात चहा पिणारे बाहेर आले. एकानं हात करून विचारलं, "कुनाचं लगीन हाय रे नागनाथ?"

मी माइक बंद केला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तोच सूर. शेवटी मकबूलनं एका हातानं रिक्षाचं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं माझ्याकडून माइक घेतला आणि म्हणाला, "अपने मिलिंद साब गुजर गए. शाम कू मिट्टी है." बस. माझ्या घोषणेत माणसाचं खानदान, स्वभाव, समाजकार्य, शोकाकुल परिवार सगळं यायचं. मकबूलनं दोन वाक्यांत तुला संपवलं आणि ते खरंही वाटलं.

तुझी माय, जिला मीही मायच म्हणतो, दुसऱ्या दिवशी ओसरीवर बसली होती. लोक येत होते, जात होते. गर्दी जरा पांगल्यावर तिनं मला हातानं जवळ बोलावलं.

"नागू, एक इचारू का? हसू नगंस."

"इचार की माय."

"त्याचं काम काय व्हतं रे?"

मी काहीतरी मोठं बोलायला घसा खाकरला, पण तिनंच पुढं सुरू केलं.

"येनारा दरेक जन म्हनायलाय मोठा शास्त्रज्ञ व्हता. मी नुसती मान हलवायले. कशाला हलवायले, मला ठावं न्हाई. त्याचा बाप गेला तवा त्यो मातीला आला न्हाई. समिंदराचं काम हाय म्हनला. आपला समिंदराशी काय संबंध रे? तवापासून माझ्या मनात हाय. इहारापुढं जलदानाचा इधी हाय, त्या दिशी त्याच्या हापिसातले लोक यायलेत. त्यायच्या आदी मला समजावून सांग. बापाच्या मातीपरीस मोठं काम व्हतं का न्हाई, तेवढं कळू दे."

बघ, कुणाचं काम माझ्या अंगावर येऊन पडलं. हुमनाबादच्या बसस्टँडवर तुला गाडीत बसवताना मी दरवेळी म्हणायचो, मायला एकदा नीट सांग. अप्पा गेले तेव्हा का आला नाहीस, तेही सांग. तू म्हणायचास, "तूच सांग की, तुला तोंड हाय." मी म्हणायचो, "काम तुझं, माय तुझी, तोंड माझं कामून वापरू?" मग तू म्हणायचास, एप्रिलात जयंतीला येतो तेव्हा सांगतो. जयंतीला यायचास, मिरवणुकीत नाचायचास, मायच्या हातची पुरणपोळी खायचास आणि हैदराबादची गाडी धरायचास. आपण दोघांनी ते एकमेकांवर ढकललं. आता ढकलायला समोर कुणी नाही.

मी नाटक्या माणूस. म्हटलं, तू मला जसं समजावलं होतंस तसंच मायला करून दाखवू. तुला ते आठवत असेल, कमठाण्याच्या लग्नात. मांडवात बरेच पाहुणे अजून यायचे होते आणि मी तुला डिवचलं, "तुमची ती प्लेट-प्लेट काय भानगड हाय?" तू उठून दोन सतरंज्या एकमेकींना भिडवल्यास. एकीला ढकललंस, ती दुसरीच्या खाली सरकायला लागली. वरचीची कड खालचीला चिकटून आत ओढली गेली, वाकली, तिला फुगा आला. तू ढकलत राहिलास. मग एकदम कड सुटली, वरची सतरंजी ताडकन उसळली आणि तिच्यावरचा पाण्याचा तांब्या वरमायच्या पैठणीवर उपडा झाला. केवढा कल्ला! त्या कल्ल्यात तू शांतपणे म्हणालास, "तांब्यातलं पाणी म्हंजे समुद्र. अंदमान-सुमात्राकडं आपली सतरंजी दुसरीच्या खाली जायलीय. पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याखाली, मकरानला, आरबांची जायलीय. आज न्हाई तर उद्या कड सुटतीया."

"कवा?"

"त्येच कळत न्हाई."

"मग पगार कशाचा घेतोस?"

"कड इथं सुटली तर काय, तिथं सुटली तर काय, थोडी सुटली तर, सगळी सुटली तर, अशी हजार लग्नं कॉम्प्युटरवर लावतो. दरेक लग्नात तांब्या कुठवर सांडतोय ते बघतो. आन् किनाऱ्यावरच्या गावास्नी सांगतो, हितपत्तर पाणी येऊ शकतंय."

इतकं स्वच्छ मला कुणी काही समजावलं नव्हतं. म्हणून मी मायपुढं ओसरीवर दोन सतरंज्या अंथरल्या, ढकलल्या, तोंडानं गडगडाट काढला, तांब्या उडवला. आजूबाजूच्या बाया दुखवट्यात असून हसल्या. मायनं सगळं नीट पाहिलं आणि म्हणाली, "सतरंजी भिजिवलास की रे. आता मान्सं बसायची कुठं?"

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, मिलिंदा. ते मी आज एकट्यानंच भांडतोय, म्हणजे जिंकायला हरकत नाही, पण जिंकवत नाही. तू सतरंज्यांच्या कडांचा माणूस. धोका कडेला असतो म्हणायचास. मी म्हणायचो, मग किल्लारी? किल्लारी तर सतरंजीच्या मधोमध. गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, त्या पहाटे ती हलली. आपण हायस्कुलात होतो. तुझी मावशी त्या बाजूला दिलेली होती, आणि तुझे अप्पा तिला शोधायला गेले ते रिकाम्या हातानं परत आले. "जी जमीन तुझ्या मावशीला गिळली ती सोडून तू समुद्राकडं कामून गेलास?" असं मी तुला दर भेटीत टोचायचो. "घरचा साप सोडून दर्यातली मगर हुडकायलास!" हे माझं आवडतं वाक्य होतं आणि त्यावर टाळ्या पडायच्या.

तू एकदाच उत्तर दिलंस. भालकीच्या रस्त्यावर गाडी पंक्चर झाली होती, आपण बांधावर बसलो होतो, आणि टाळ्या द्यायला कुणी नव्हतं. तू म्हणालास, "मधोमध जुनी चीर असती, ती कवा कुठं उसवंल कळत न्हाई. किल्लारी कुनाला उठून बसायलाबी येळ दिली न्हाई, नाग्या. समुद्र देतोय. कड सुटल्यावर पाणी किनाऱ्याला यायला येळ लागतोय, कुठं थोडा, कुठं जास्ती. जिथं येळ मिळतोय तिथं तरी कायतरी करता येतंय. मावशीला येळच मिळाला न्हाई, तिथं मी काय करू?"

मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "वा, डायलॉग चांगला हाय, लग्नात वापरतो." तू हसलास आणि चाकाचे नट आवळायला लागलास. तुझं म्हणणं मला पटलं होतं, हे सांगायचं तसंच राहिलं.

आणि तो समुद्र! तुझ्यामुळे मी तो पहिल्यांदा पाहिला. किनाऱ्यावरच्या एका मासेमारांच्या गावात इशाऱ्याची तालीम होती, तुमचा तिथला कर्णेवाला आजारी पडला, आणि तू मला उचलून नेलंस. कन्नड येतं, आवाज आहे, अजून काय पाहिजे? आपलं बिदरचं कन्नड ऐकून तिथल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी रंगात आलो. माइक घेतला आणि सवयीनं सुरुवात केली, "या गावचे सन्माननीय पंचायत अध्यक्ष, सन्माननीय उपाध्यक्ष, देवस्थान कमिटीचे सन्माननीय पदाधिकारी, व्यासपीठावरील सर्व मान्यवर..." तू मागून वायरच उपसलीस.

"नाग्या, तू मान्यवर संपवेपत्तर लाट मान्यवरांना घिऊन गेली."

मी आजही ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतो. तिच्या पुढचा भाग मात्र कधी सांगत नाही.

तालीम झाल्यावर तू नकाशा पसरून बसलास. पाणी कुठवर येऊ शकेल त्याची रेघ त्यावर होती, आणि ती एका म्हातारीच्या घरावरून गेली होती. ती तुझ्याजवळ उकिडवी बसली आणि बोटानं रेघ चाचपत म्हणाली, "माझी चूल रेघेच्या अल्याड का पल्याड?"

तू पेन्सिलीचं टोक त्या रेघेवर टेकवलंस. मग म्हणालास, "अक्का, रेघ एवढी बारीक नसते. घर आतच धरा."

"कधी येणार पाणी?"

"सांगता येत नाही. तुमच्या हयातीत येईल, नातवाच्या हयातीत येईल, कदाचित त्याच्याही नाही."

"मग माझी झोप मोडायला कशाला आलास बाबा?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं आपल्याला जेवायलाही बसवलं. मी माशाच्या आमटीवर ताव मारला, तुझं ताट तसंच राहिलं. परतीच्या गाडीत घाट लागल्यावर तू एवढंच बोललास, "खोटी तारीख सांगता आली असती तर बरं झालं असतं. त्या तारखेपुरती तरी ती उंचावर जाऊन बसली असती." तुला तेव्हा कसली तरी मदत हवी होती. ती कशी करतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी तुला शेंगदाणे दिले.

जलदानाच्या दिवशी विहारापुढं मंडप माझाच होता. माणसं मावली नाहीत. दुबलगुंडीहून, हळ्ळीखेडच्या चारी गल्ल्यांतून, बिदरहून लोक आले. तुझ्या ऑफिसातले चौघे हैदराबादहून आले आणि पहिल्या रांगेत अवघडून बसले. भंतेजी सुत्त म्हणत होते, तुझी माय तांब्यातून वाटीत पाण्याची धार सोडत होती. वाटी भरली, पाणी ताटात आलं, ताटभर झालं, आणि तुझ्या ऑफिसातला एक तरुण त्या पाण्याकडं बघता बघता रुमालात तोंड घालून उठून गेला.

मग तुझे साहेब बोलले. फार चांगलं बोलले असावेत. मॉडेलिंग, इनंडेशन, मिटिगेशन, एवढे शब्द मी ओळखले, तुझ्याकडून ऐकलेले. गावानं आदरानं मान हलवली. मायनं हलवली नाही. ती साहेबांकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती, आणि मला कळलं की माझी मुदत संपली. ओसरीवरचा तो खेळ आणि ओली सतरंजी, यापलीकडं मी तिला काही दिलं नव्हतं.

मी माइक घेतला. मान्यवर म्हणालो नाही. दोन्ही सूर घशात येऊन थांबले होते, त्यातला एकही लावला नाही. अर्धा-मुर्धा, खरखरीत, असा जो काही आवाज उरला होता त्यात तिच्याकडं बघून बोललो.

"माय, मिलिंद लाट थांबवत नव्हता. ती कुनालाच थांबत न्हाई. ती कवा येनार तेबी त्याला कळत नव्हतं, कुनालाच कळत न्हाई. पर समुद्राकाठी लाखानं मान्सं राहत्यात. त्यो त्यांना कवा बघितला न्हाई, ते त्याला वळखत न्हाईत. पानी आलं तर कुठवर यील, हे त्यो आदीच हुडकून ठेवायचा. आन् त्या मान्सांस्नी सांगून ठेवायचा, की त्या दिशी ह्या वाटंनं पळा, तितं उच्ची जागा हाय, तितपत्तर पानी पोचत न्हाई. अप्पा गेले त्या दिशी समुद्राखाली जमीन हलली व्हती, माय. कुनी पळायचं आन् कुनी निवांत घरी बसायचं, ते सांगायला त्यो हापिसात बसला व्हता. लोकांस्नी पळायची वाट सांगायचा. एवढंच काम व्हतं त्याचं."

मंडपातल्या माना खाली गेल्या. तुझ्या साहेबांना मराठी कळत नव्हतं, तरी तेही मान खाली घालून बसले होते. आणि मला, खोटं कशाला बोलू, आतून बरं वाटलं. मायच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिला समजलं. इतकी वर्षं आपण दोघं जे एकमेकांवर ढकलत होतो ते एकदाचं झालं, तुझं काम तिच्यापर्यंत पोचलं. मी माइक खाली ठेवला.

तिनं हातातला रिकामा तांब्या ताटाशेजारी टेकवला, माझ्याकडं पाहिलं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली:

"मग आता मी कुनीकडं पळू, ते कामून सांगितला न्हाई त्यो?"